वच्छलाची सावड

रेणुकाचा फोन आला तेव्हा मी वच्छलाच्याच लेखासाठी फोटो शोधत होते. लेख अंबाडीच्या भाजीवर होता, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वेबसाइटवर यायचा होता, आणि मला हवी तशी लाल देठांची अंबाडी कुठल्याच फोटोत सापडत नव्हती. रेणुका म्हणजे वच्छलाची सून. ती म्हणाली, "मावशी, आत्याबाई गेल्या... मेथीच्या जुड्या बांधून राह्यल्या होत्या विहिरीपाशी, तिथंच, बसल्या बसल्या." मी "बरं" म्हणाले. एवढंच. भाजी पोचल्याची खबर यावी आणि आपण बरं म्हणावं, तसं. फोन ठेवला आणि पुन्हा अंबाडीचे फोटो चाळायला लागले, आणि बऱ्याच वेळानं हात थांबला. ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून वाशीमहून केनवडला निघाले तेव्हाही डोळ्यांत पाणी नव्हतं. डोक्यात हे चाललं होतं की उद्याचा लेख थांबवावा की येऊ द्यावा. आणि खोटं कशाला बोलू, हेही चाललं होतं की आता तो जास्त लोक वाचतील... लेख मी थांबवला नाही. रात्री परत आल्यावर त्याच्यावर तिचा हसरा फोटो काळ्या चौकटीत घालून ठेवला आणि मग झोपायला गेले.

आम्ही दोघी रिठदच्या, एकाच गल्लीतल्या. ती माझ्याहून थोडी मोठी आणि आवाजानं बरीच मोठी. आमच्या आया सावडीनं निंदायला, म्हणजे पिकातलं तण काढायला, जायच्या आणि शाळेला सुट्टी असली की आम्हीही त्यांच्या मागे जायचो. गावाकडच्या माणसाला सावड सांगावी लागत नाही, पण ज्या पुरवणीसाठी हे लिहितेय ती शहरातही वाचली जाते म्हणून सांगते. आज सगळ्या बायका तुझ्या वावरात, तुझ्या शेतात, निंदणार, उद्या त्याच सगळ्या माझ्या वावरात. मजुरी कुणी कुणाला देत नाही. चहा तेवढा वावरवाल्याचा, भाकर आपली आपण न्यायची. कुणी काही लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. जिनं आपल्या वावरात दिवसभर कंबर मोडली, तिच्या वावरात आपण जायचं, मग त्या दिवशी घरी पाहुणे असोत की अंग दुखत असो. वच्छला आपल्या वाट्याची पात झपाट्यानं संपवून माझ्या पातीत शिरायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "शाले, हात हाय का लाकडं हाय वो तुह्ये?" मला तिचा राग यायचा. पण ती माझी अर्धी पात निंदून द्यायची, म्हणून मी रागही अर्धाच करायची.

पुढे तिचं लग्न केनवडला झालं, माझं वाशीमला. तिच्या सासरी विहिरीचं पाणी होतं आणि भाजीपाल्याचं वावर होतं, माझ्या सासरी नोकरी होती. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींना लग्नाकार्यातच भेटलो. मुलं शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मी वेबसाइट सुरू केली. वऱ्हाडी स्वयंपाक, घरगुती गोष्टी, थोड्या आठवणी. ती चालली. पुण्या-मुंबईच्या बायका वाचायच्या, परदेशात गेलेल्या मुली "ताई, आईच्या हातची चव आठवली" असं लिहायच्या. वाशीममध्ये मला पाककृतींच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलवायला लागले, आणि मी चमच्याच्या टोकावर चव घेऊन गंभीर चेहरा करायला शिकले. असं सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस वच्छलाचा फोन आला. कितीतरी वर्षांनी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काहून वो शाले, अंबाडीत गूळ टाकते काय कोनी? कोन्या गावची हायस तू? रिठदची इज्जत घालवली." मी म्हटलं, पुण्याच्या लोकांना आंबट सोसत नाही म्हणून लिहिलं. ती म्हणाली, "मंग पुन्याचंच लिव ना. आपल्या अंबाडीले कायले नासवतं?"

मला तेव्हा सुचलेली एक चांगली गोष्ट ही, की मी तिला म्हटलं, मग तूच लिही. पाहुणी म्हणून. आमच्या या उद्योगात त्याला गेस्ट पोस्ट म्हणतात. दुसऱ्याच्या वेबसाइटवर आपण एक लेख लिहायचा, त्यांना ताजा मजकूर मिळतो, आपल्याला त्यांचे वाचक मिळतात आणि लेखाखाली आपल्या साइटची लिंक. वच्छलानं मोबाइलवर एका बोटानं लिहून मेथीवरचा पहिला लेख पाठवला. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे: "गिऱ्हाईक जुडीची मुळं पाहते अन् मी गिऱ्हाइकाचा हात पाहते, जिचा हात पानं चुरगाळून पाहतो तिच्या घरी भाजी वाया जाते." वाचकांनी तो लेख डोक्यावर घेतला. मग वांगी, मग तरोटा, मग चिवळीची भाजी आणि ती धुण्याचा कंटाळा यावर एक फक्कड लेख. माझ्या साइटवर सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान माझं नव्हतं, तिचं होतं. हे मला आवडायचं आणि थोडं खुपायचंही. थोडं म्हणजे रोज थोडं.

तिची स्वतःचीही साइट होती. रेणुकानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तिनं सासूला ती करून दिली. जांभळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात गुलाबाचं फूल, आणि वर त्यांच्या विहिरीचा वाकडा फोटो. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा हसूच आलं. वाचक म्हणाल तर रेणुका, रेणुकाची बहीण, गावातली दोनचार पोरं आणि कधीतरी चुकून आलेलं कुणी. मी तिला पुष्कळ समजावलं. "वच्छे, तिथं कोण येते? तू सगळं माझ्याकडेच लिही. लोक इथं आहेत." मी तिच्याशी वऱ्हाडीत सुरुवात करायची आणि शहाणपण सांगायला लागले की आपोआप शहरी मराठीवर यायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुह्याकडं येतो ना मी. पन आपल्या घरी चूल पेटली पायजेन का नाही? दुसऱ्याच्या घरी किती दिवस जेवन करावं मानसानं?" मी म्हटलं, मी लिंक देते ना दर लेखाखाली, त्यावरून लोक तुझ्याकडे येतील. तर म्हणाली, "लिंक म्हंजे रस्त्यानं बोट दाखोनं. बोट दाखोल्यानं कोनी घरी येते काय? हात धरून आनावं लागते." खरंच कुणी येत नव्हतं. ते मला माझ्या आकड्यांवरून दिसत होतं, पण मी तिला सांगितलं नाही. लेख बंद झाले असते.

मग तिनं एक गोष्ट केली, जी पुण्या-मुंबईच्या कुठल्या ब्लॉगवाल्यानं केली नसती. तिनं हे सगळं सावड म्हणून धरलं. मी तुझ्या वावरात आले, आता तू माझ्या वावरात ये. सरळ होतं तिच्या दृष्टीनं. तिनं रेणुकाला सांगून साइटवर एक वेगळं पान करून घेतलं, वर नाव दिलं "पाव्हने", खाली दोन ओळी लिहिल्या की आमच्याकडे पाहुणे आले की त्यांचे लेख इथे वाचा, आणि वाट पाहायला लागली. त्या पानावर काही नव्हतं. ती म्हणायची, "जागा सारवून ठेवली हाय. येतीन."

तोवर पुण्याच्या एका मोठ्या पोर्टलनं तिचे दोन लेख घेतले होते. मीच ओळख करून दिली होती. त्यांनी तिच्या लेखातला सांबार काढून कोथिंबीर केली, भेद्राचे टोमॅटो केले, शेवटचा परिच्छेद कापला. वच्छलानं तक्रार केली नाही. "त्याहिचं घर हाय, त्याहिच्या पद्धतीनं वाढतीन," म्हणाली. एक दिवस ती बाजाराच्या कामानं वाशीमला आली होती आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून माझीच मेथी खुडून देत होती. अचानक म्हणाली, पुण्याच्या बाईले फोन लावून दे. मी लावून दिला, हात ओले म्हणून स्पीकरवर. वच्छलानं ख्यालीखुशाली विचारली आणि मग म्हणाली, "मॅडम, माह्ये दोन लेख झाले तुमच्याकडं. आता तुमी कधी येता?" बाई म्हणाल्या, "कुठे?" "माह्या साइटवर. पाव्हन्याचं पान तयार हाय. तुमाले जे येते ते लिवा, भाजीवरच पायजेन असं नाही." तिकडून हसण्याचा आवाज. वाईट हसणं नव्हतं ते, पण हसणं होतं. "अहो, आम्ही असं बाहेर नाही हो लिहीत. पॉलिसी आहे आमची. पण तुमची लिंक दिलीय ना आम्ही." "लिंक दिली, थे झालं," वच्छला म्हणाली. "पन खुद्द कधी येता?"

माझे कान तापले. त्या बाईंसमोर माझी जी काही थोडी पत होती ती आता मेथीच्या देठांबरोबर केरात चालली असं मला वाटलं. मी पुढे होऊन फोन उचलला आणि म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. त्या जरा गावाकडच्या आहेत, त्यांना यातलं कळत नाही. मी समजावते त्यांना." आणि हे मी वच्छलाच्या समोर बोलले. दुसऱ्या खोलीत जाऊन नाही, हळू आवाजात नाही. तिच्या पुढ्यात उभी राहून, तिनं खुडलेली मेथी हातात धरून. आज लिहिताना वाटतं, तेव्हा निदान खोली तरी बदलायची होती. एवढी साधी मर्यादा मला पाळता आली नाही.

फोन ठेवला. ती काही बोलेल म्हणून मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. तिनं सावकाश उरलेली जुडी संपवली, देठं गोळा केली आणि म्हणाली, "मले कळते वो शाले. आपन ज्याच्याकडं गेलो, त्याचं आपल्याकडं येनं असते. तिले नाही कळत त नाही कळत." मग थांबून, अगदी सहज, जसं कुणी मीठ कमी झालं का विचारावं तसं, "तुले लाज वाटली काय माह्यी?" मी म्हटलं, "छे! काहीतरीच काय." ती हसली. तिचं हसणं मोठं होतं, शेजारच्या घरात जायचं. म्हणाली, "वाटली असन त वाटू दे. मी लहानपनापासून अशीच हाओ. ती पुन्याची नाही येत त जाऊ दे. तू त येशीन ना?" मी म्हटलं, येईन ना, नक्की येईन. वऱ्हाडीत म्हटलं, "येतो ना वो." हे वचन मी त्या क्षणी मनापासून दिलं होतं की तिनं विषय बदलावा म्हणून दिलं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

लिहायला काय लागत होतं? एक लेख. मी आठवड्याला तीन लिहीत होते. पण चांगला विषय सुचला की मन म्हणायचं, हा तिथे कशाला वाया घालवायचा, जांभळ्या पाटीवर, चार माणसांसाठी? आणि वाईट विषय सुचला की म्हणायचं, हा कसा द्यायचा, तिला लगेच कळेल. अशा रीतीनं चांगला लेख माझ्याकडे राहायचा आणि वाईट लेख लिहिलाच जायचा नाही. फोनवर ती विचारायची, "शाले, सावड राह्यली हाय बरं तुह्यी," आणि मी सणवार, पाहुणे, ह्यांचं दुखणं, काहीतरी सांगायची. शेवटी लाजेकाजेस्तव मी तिला माझा ठेच्यावरचा जुना लेख पाठवून दिला. तो माझ्या साइटवर येऊन बराच काळ झाला होता. एकच लेख दोन ठिकाणी टाकू नये, वाचकांचा आणि त्या दुसऱ्या साइटचा तो अपमान असतो, हे मी स्वतः नवख्यांना शिकवत फिरते. तरी पाठवला. वाटलं, हिला काय कळणार. अर्ध्या तासात तिचा फोन. "हा त म्या तुह्याकडं वाचला हाय. मिरच्या भाजते त्यात मंग शेंगदाने टाकते, तोच ना? पाव्हनी म्हनून येतं अन् शिळं बांधून आनतं काय वो?" मी चिडले. म्हटलं, अगं सगळे असंच करतात, तू फार कीस काढतेस. ती म्हणाली, "सगळ्याहिचं मले काय करायचं. तू ताजं दे. लहान दे, पन ताजं दे. घाई नाही." तिनं तो लेख टाकला नाही. घाई नाही हा शब्द मात्र मी पकडून ठेवला, आणि त्याच्यावर पुढची सगळी वर्षं काढली.

वच्छला फार गुणाची होती असं काही मला इथे उभं करायचं नाही. ती हट्टी होती. तिचे लेख लांबायचे आणि कापले की ती रुसायची, फक्त माझ्यावर. परक्यांवर नाही. सुनेला ती सगळ्यांदेखत बोलायची आणि मग तिच्याच आवडीची भाजी करून ठेवायची. तिला वाटायचं की तिच्याइतकं वांगं जिल्ह्यात कुणाला कळत नाही आणि हे ती दुसऱ्या वांगेवाल्यांच्या तोंडावर सांगायची. भांडणात तिला मजा यायची. पण ती माझ्याशी सावडीवरून कधी भांडली नाही, हे आता लक्षात येतं. तिला भांडता आलं असतं.

शेवटची भेट माझ्याच घरी झाली. मुलाचा टेम्पो भाजी घेऊन वाशीमला आला होता, त्यात बसून ती आली. पिशवीभर सांबार, वांगी, वालाच्या शेंगा. गुडघे दुखतात म्हणाली, जिना चढताना दोनदा टेकली. आम्ही चहा घेतला, रिठदच्या कोणाकोणाचं काय झालं ते बोललो. मी मनातून वाट पाहत होते की आता विचारेल, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. उठताना म्हणाली, "अंबाडीवर लिवलं हाय. गुळाबिगर. पाठवू काय?" मी म्हटलं, पाठव ना, लगेच घेते. ती टेम्पोत बसून गेली आणि मला मोकळं मोकळं वाटलं. विसरली एकदाची, असं वाटलं मला... बाकी त्या संध्याकाळी मी तिच्या वांग्यांचं भरीत केलं आणि त्याचे फोटो काढून साइटवर टाकले.

तर तो अंबाडीचा लेख. काळ्या चौकटीतल्या फोटोसह तो आला आणि लोक तुटून पडले. जुने लेख पुन्हा वर आले. मेथी, तरोटा, चिवळी, सगळं. खाली श्रद्धांजलीच्या कमेंट, आणि त्या सगळ्या मला उद्देशून. "ताई, तुमच्या वेबसाइटची मोठी हानी झाली." "ताई, तुम्ही त्यांना व्यासपीठ दिलंत, तुमचे उपकार." मी प्रत्येकीला हात जोडल्याचं चित्र पाठवत होते. एकीलाही मी लिहिलं नाही की बाई, तिची स्वतःची साइट आहे, तिथे जा. बोट दाखवणंसुद्धा माझ्याच्यानं झालं नाही. आणि केनवडला तिच्या तेरवीच्या पंगतीत, पान वाढलेलं असताना, मी पदराआड मोबाइल धरून वाचकांचा आकडा पाहिला. रेणुका वरण वाढत माझ्यापर्यंत आली तेव्हा तो लपवला. तिनं पाहिलं असावं असं मला वाटतं, आणि नसेल पाहिलं तर आता हे वाचून तिला कळेल.

त्यानंतर काही दिवसांनी मी वच्छलाची साइट पहिल्यांदा नीट, सगळी वाचली. इतक्या वर्षांत मी ती फक्त हसायला उघडली होती. पाव्हन्यांचं पान तेवढं शोधलं नाही, ते रिकामंच असणार आणि का, हे मला ठाऊक होतं. तिथे पाककृती जवळजवळ नव्हत्याच. तिथे होतं की आज दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं आणि मला बरं वाटलं. तिथे होतं की मुलाशी बोलणं बंद आहे, माझंच चुकलं, पण आधी मी बोलणार नाही. पाठ दुखते म्हणून वाकून खुडता येत नाही, बसून खुडते, बसून खुडलं की मेथी वेगळी दिसते. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण नीट नेसून जातो, पदर सारखा करतो, हसतमुख राहतो. माझ्याकडे आणि पुण्याच्या त्या पोर्टलवर वच्छला तशी यायची, चांगलं लुगडं नेसून. आणि मी तिला सांगत होते की घर मोडून टाक, तू इथेच बरी दिसतेस. तिनं कुठे लिहावं यावर आम्ही केवढे वाद घातले! दोन्हीकडे लिहायचं असतं माणसानं, हे ती न बोलता करत होती, आणि मी वाचकांचे आकडे मोजत होते. मला ते वाचून रडू आलं. तिच्यासाठी पहिल्यांदा. फार उशिरा आलं ते, त्याचीही लाज वाटली.

त्याच सुमारास या पुरवणीकडून विचारणा झाली की वच्छलाबाईंवर लिहाल का. एकच अट, लेख आधी कुठेही छापलेला नसावा. मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. निम्मा झाल्यावर लक्षात आलं की हा ताजा आहे. माझ्या हातून इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी ताजं लिहिलं जातंय, जे मला माझ्या साइटवर टाकावंसं वाटत नाही. मी मनाशी ठरवलं, हा तिच्या पाहुण्यांच्या पानावर जाईल. पुरवणीला नाही म्हणून कळवीन. चार माणसं वाचोत की दोन, सावड फेडायची. लेख मोबाइलमध्ये घेऊन मी एकटीच बसनं केनवडला गेले. वाटेत मला जरा चांगलंच वाटत होतं, हेही सांगते. आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं.

दुपार होती. रेणुका ओसरीत बसून बाजारच्या भाजीच्या जुड्या बांधत होती. मी शेजारी बसले, दोन जुड्या बांधल्या, सैल झाल्या, तिनं त्या सोडून पुन्हा बांधल्या. मग मी म्हटलं, "रेणुका, एक लेख आणलाय. पाहुण्यांच्या पानावर टाक. ताजा आहे." तिचे हात थांबले.

"थे पान त नाही आता मावशी," ती म्हणाली. "दिवाळीतच काढ्याले लावलं आत्याबाईनं."

मी विचारलं, "का?"

"म्या बी इचारलं. म्या म्हटलं, राहू द्या ना, शालूमावशीची सावड बाकी हाय. त म्हनल्या..." ती हातातली जुडी पुन्हा आवळायला लागली.

"सांग."

"म्हनल्या, तिच्याच्यानं होत नाही वो. तिले आता मांगू नोको."

गावात अशा बायका असतात ज्यांच्याकडून कुणी सावड मागत नाही. नुकतीच बाळंत झालेली असते, अंथरुणाला खिळलेली असते, म्हातारपणानं हात गेलेली असते. बाकीच्या त्यांच्या वावरात मुकाट्यानं निंदून येतात आणि त्यांचा विषय निघाला की म्हणतात, तिच्याच्यानं होत नाही. त्यात राग नसतो. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याबद्दलही बायका असंच म्हणायच्या आणि आमचं निंदण करून जायच्या. वच्छलानं मला त्यांच्यात बसवलं होतं. आणि बसवल्यावरही, दिवाळीनंतरही, ती माझ्याकडे येतच राहिली होती. अंबाडी त्यानंतरचीच.

रेणुका म्हणाली, नवं पान आत्ता करून देतो, पाच मिनिटाचं काम हाय. मी नको म्हटलं. बोलावणारीनं बोलावणं मागे घेतल्यावर आपणच पाट मांडून बसायचं, एवढं माझ्याकडूनही झालं नाही. म्हणून हा लेख पुरवणीला आला आणि तुम्ही तो इथे वाचताय, पुन्हा एकदा दुसऱ्याच्याच घरी. रेणुकानं मला सोबत न्यायला मेथी बांधून दिली. मी ती घेतली आणि फाट्यापर्यंत उन्हातून चालत गेले. न थांबता, न दमता चालत गेले. गुडघे दुखत नव्हते, हात दुखत नव्हते. मी चांगली धडधाकट होते.